आठ विरुद्ध एक

खुनाच्या खटल्यात प्रत्येकाला काही ना काही काम असतं. आरोपीला पिंजऱ्यात उभं राहायचं असतं. साक्षीदाराला खरं सांगायची शपथ घेऊन ‘आता नीटसं आठवत नाही’ म्हणायचं असतं. वकिलांना आवाज चढवायचा असतो, न्यायाधीशांना तो उतरवायचा असतो, आणि पट्टेवाल्याला जिन्यापर्यंत ऐकू जाईल असा पुकारा करायचा असतो. काही म्हणजे काही काम नसलेला तिथे एकच वर्ग. आपण. बघे. आपल्याला समन्स आलेलं नसतं, भत्ता मिळणार नसतो, आपलं मत कोणी विचारलेलं नसतं. तरी वेळेवर हजर आपणच असतो, आणि निकालाच्या आदल्या रात्री ज्यांना झोप लागत नाही त्यांतही भरणा आपलाच असतो.

पत्त्यांच्या डावात पाठीमागे उभं राहणाऱ्याला सगळ्यांची पानं दिसत असतात आणि पैसे कोणाचेच द्यायचे नसतात. त्यामुळे त्याच्याइतकं बेधडक पान दुसरं कोणी टाकत नाही. खटल्याच्या बघ्याचं धाडस याच जातीचं. ‘काय, सुटेल का हो?’ हा प्रश्न तो अशा माणसाला विचारतो ज्याचा न्यायव्यवस्थेशी आलेला एकमेव संबंध म्हणजे भाडेकराराची नोंदणी. आणि तो माणूसही ‘मला काय ठाऊक’ असं म्हणत नाही. चष्मा पुसतो, घसा साफ करतो आणि निकाल देतो.

निकाल देणाऱ्यांच्या परी ठरलेल्या आहेत. एकाचा साडू कोर्टात असतो. साडू तिथे नेमकं काय करतो हे खोदून विचारलं तर तो बाहेरच्या फुटपाथवर टायपिंगचं मशीन घेऊन बसतो असं निघतं, पण तोवर चहा संपलेला असतो. दुसऱ्याला चेहरे वाचता येतात. ‘हा माणूस असं करणारा वाटतच नाही हो,’ असं तो वर्तमानपत्रातल्या ठिपक्याठिपक्यांच्या फोटोकडे बघून सांगतो. तिसऱ्याला सगळं आधीच माहीत असतं, कारण सगळं वरून ठरलेलं असतं. वर म्हणजे कुठे, ते तो सांगत नाही, फक्त भुवई वर करतो. आणि एखादा म्हणतो, ‘पुरावा काय येतो ते बघू या की!’ या माणसाला पुढच्या वेळी कोणी कट्ट्यावर बोलवत नाही.

बघ्यांच्या या जमातीचा सुवर्णकाळ कुठला असं कोणी विचारलं, तर मी साल १९५९ आणि गाव मुंबई सांगेन.

त्या वर्षीच्या २७ एप्रिलची हकिगत एव्हाना तीन पिढ्यांना पाठ आहे. कमांडर कावस माणेकशा नानावटी, नौदलातला देखणा पारशी अधिकारी, ‘म्हैसूर’ या युद्धनौकेवर नेमणूक. समुद्रावरून घरी आला तर इंग्रज बायको, सिल्व्हिया, गप्प गप्प. खोदून विचारल्यावर तिनं प्रेम आहुजाशी असलेले संबंध कबूल केले. आहुजा मोटारींचा व्यापारी, दोघांच्या ओळखीतला, नेपियन सी रोडच्या बाजूला ‘जीवनज्योत’ नावाच्या इमारतीत बहिणीबरोबर राहणारा. आता या प्रसंगी आपल्या ओळखीचा कुठलाही नवरा जे जे करेल त्यातलं नानावटीनं काहीच केलं नाही. सिनेमाची तिकिटं काढलेली होती, म्हणून बायकोला आणि मुलांना गाडीत घालून ‘मेट्रो’ला सोडलं. मग बोटीवर जाऊन एक रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या मागून घेतल्या. कारण काय सांगितलं, तर रात्री एकट्यानं गाडी हाकत अहमदनगरला जायचं आहे.

नगरच्या माझ्या एका स्नेह्यांना या कारणाचा अजून राग आहे. ते म्हणतात, ‘खोटं बोलायचं तर बोला. पण नगरला जायचं म्हणजे पिस्तूल लागणारच, हे समोरच्याला लगेच पटलं कसं?’ या मुद्द्याचा निकाल कुठल्याच कोर्टानं दिलेला नाही.

खाकी लिफाफ्यातलं रिव्हॉल्व्हर घेऊन नानावटी आधी आहुजाच्या शोरूमवर गेला, तिथे तो भेटला नाही म्हणून घरी गेला आणि सरळ त्याच्या शयनगृहात शिरला. आहुजा नुकताच अंघोळ करून आला होता, कमरेला टॉवेल. सिल्व्हियाशी लग्न करून मुलांना सांभाळणार का, असं आपण विचारलं आणि त्यानं उद्दाम उत्तर दिलं, असं पुढे नानावटीनं कोर्टात सांगितलं. तीन गोळ्या सुटल्या. आहुजा मेला. नानावटी खाली उतरला आणि डेप्युटी कमिशनर जॉन लोबो यांच्यापुढे जाऊन हजर झाला.

म्हणजे बघा, खून कोणी केला हा प्रश्नच नव्हता. हत्यार कुठे गेलं, साथीदार कोण, पैसे कोणी पुरवले, काही नाही. रहस्यकथेच्या लेखकानं ज्याच्यासाठी लेखणीसुद्धा उचलली नसती अशा या खटल्यासाठी अख्खी मुंबई जेवणं सोडून बसली होती. कोणी केलं याची ओढ लोकांना वाटते तेवढी नसते. ते आपल्याला हवं तसं झालं का, याची असते.

खटला सेशन्स कोर्टात उभा राहिला २३ सप्टेंबरला, म्हणजे पितृपक्षात. नवरात्रात रंगला, दसऱ्याला सोनं वाटताना लोकांनी त्याचीच चर्चा केली, आणि निकाल कोजागरी आणि दिवाळीच्या मध्ये लागला. नानावटी पांढऱ्याशुभ्र गणवेशात, छातीवर पदकं लावून यायचा. रुसी करंजियांच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकानं त्याला असा काही उचलून धरला की चार आण्यांचा अंक दोन-दोन रुपयांना जाऊ लागला. पारशी समाजानं कावसजी जहांगीर हॉलमध्ये सभा भरवली तर आत मावले त्याहून जास्त लोक बाहेर उभे. रस्त्यावर फेरीवाले खेळण्यातलं ‘नानावटी रिव्हॉल्व्हर’ आणि ‘आहुजा टॉवेल’ विकत होते. लिपस्टिकचे ठसे उमटवलेल्या शंभराच्या नोटा बायकांनी त्याला पाठवल्या अशाही कथा आहेत. त्या काळातल्या कारकुनांना या कथेतल्या ओठांपेक्षा शंभराच्या नोटेनं जास्त घायाळ केलं असणार.

आमचे आजोबा तेव्हा गिरगावात एका चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर राहायचे. ‘ब्लिट्झ’ इंग्रजीतला, आणि मजल्यावर इंग्रजी सफाईनं वाचणारा माणूस एकच, रेल्वेतला हेडक्लार्क. त्यामुळे अख्ख्या मजल्याला हा खटला त्याच्या तोंडून ऐकावा लागायचा. संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून तो वाक्यावाक्याचं मराठी करून सांगे. सगळ्यांचे कान लागलेले असताना मध्येच थांबून ‘इथे थोडा खाजगी मजकूर आहे’ म्हणे आणि दोन परिच्छेद मनातल्या मनात वाची. त्या वेळी दारांच्या आड गहू निवडत बसलेल्या बायकांच्या सुपातला आवाज बरोबर बंद पडायचा, असं वडील सांगतात. खाजगी मजकूर काय आहे ते त्यांना न सांगता कळलेलं असे. हेडक्लार्कनं गाळलेले परिच्छेद दुसऱ्या दिवशी नळावर पूर्ण होत.

या गॅलरीत गाजलेला मुद्दा टॉवेलचा. बचावाचं म्हणणं असं, की आहुजानं रिव्हॉल्व्हरवर झडप घातली, दोघांची झटापट झाली आणि तीत गोळ्या सुटल्या. म्हणजे अपघात. सरकार पक्ष म्हणे, एवढी झटापट झाली तर मेलेल्या माणसाच्या कमरेचा टॉवेल जागच्या जागी कसा? प्रश्न बिनतोड होता, आणि कायद्याचं पुस्तक न उघडता ज्यावर मत देता येईल असा अख्ख्या खटल्यात तोच एक होता. दंडसंहितेचं कलम प्रत्येकाच्या घरात नसतं. टॉवेल असतो.

टॉवेल म्हणजे अर्थात पंचा. चाळीत टर्किश टॉवेल पाहुण्यांसाठी ट्रंकेत. तेव्हा एका रविवारी मोठ्या काकांनी अंघोळीनंतर पंचा गुंडाळून गॅलरीत यायचं आणि शेजाऱ्यानं हातात लाटणं धरून त्यांच्याशी झटापट करायची असं ठरलं. नियम असा की काकांनी लाटणं हिसकायचं, पण पंच्याला हात लावायचा नाही. मजल्यावरची सगळी पुरुषमंडळी कठड्याला रेलून उभी राहिली. झटापट दणक्यात झाली. कोपऱ्यातली कुंडी फुटली, लाटणं खालच्या चौकात जाऊन पडलं, शेजाऱ्याच्या सदऱ्याची बटणं गेली. पंचा तसूभर हलला नाही. बचाव पक्षात एकच जल्लोष झाला. तेवढ्यात आजी बाहेर आली, फुटलेल्या कुंडीकडे आणि चौकातल्या लाटण्याकडे तिनं पाहिलं आणि म्हणाली, ‘यांचा पंचा पुराव्याला धरू नका. तो वर्षानुवर्षं सुटलेला नाही, म्हणून तर धुता येत नाही.’ पुरावा तिथल्या तिथे बाद झाला.

तिकडे खऱ्या कोर्टात हाच मुद्दा हाताळायला नानावटीच्या बाजूनं उभे होते कार्ल खंडालावाला. नामांकित फौजदारी वकील तर ते होतेच, शिवाय भारतीय लघुचित्रांचे मोठे जाणकार. पहाडी चित्रांवर त्यांचा ग्रंथ आहे. राधेच्या ओढणीची चुणी कुठे पडली यावरून चित्र कुठल्या शैलीचं ते सांगणारी नजर एका टॉवेलच्या गाठीकडे लागावी, हा योग त्या खटल्यातच येऊ शकत होता. सरकारतर्फे होते चंदू त्रिवेदी. आणि आहुजाच्या बहिणीच्या वतीनं खटल्यावर लक्ष ठेवायला एक तरुण सिंधी वकील बसलेले होते, राम जेठमलानी. पुढची सहा दशकं बघ्यांना विषय पुरवायचं काम त्यांनी एकहाती केलं.

मला मात्र त्या चाळीतल्या उत्सुकतेचं खरं कारण टॉवेलमध्ये दिसत नाही. बायको परक्या पुरुषावर प्रेम करू शकते, नवरा महिनोन्‌महिने दूर राहिला तर घरात काय होतं, कबूल केलेली गोष्ट माफ करता येते का, हे विषय त्या मजल्यावर एरवी कोणी काढले असते तर रात्रीत त्याचं बिऱ्हाड उठलं असतं. आणि दूर राहणारे नवरे त्या चाळीला काही नवे नव्हते. खालच्या मजल्यावर एकेका खोलीत गिरणीत जाणारे दहा-दहा कोकणी पुरुष राहायचे, बायका गावाला. त्यांची बोट समुद्रावर जात नव्हती एवढंच. शिमग्याला आणि गणपतीला ते घरी जायचे, आणि मधल्या महिन्यांत तिकडे काय असेल हा प्रश्न रात्रपाळीला बरोबर घेऊन जायचे. नानावटीच्या नावानं हा प्रश्न प्रथमच चारचौघांत काढता आला. ‘त्यानं बरोबर केलं’ असं जो तावातावानं म्हणे तो कोणाला तरी ऐकू जावं म्हणून म्हणत असावा, आणि जी बाई ‘तिचंही काही ऐकून घ्या’ एवढंच म्हणून सुपातले खडे वेचायला लागे, तिलाही कोणाला तरी ऐकवायचं असावं. दुसऱ्याच्या खटल्याचा हा उपयोग फार मोठा आहे. आपली फिर्याद त्यात दाखल करता येते, आणि स्टँपही लागत नाही.

हे बघे बाहेर होते. त्यांच्यातलेच नऊजण मात्र उचलून आत नेऊन बसवले होते. ती ज्यूरी. आजच्या वाचकाला ज्यूरी म्हटलं की इंग्रजी सिनेमा आठवतो, पण मुंबईच्या कोर्टात ती चांगली शंभर वर्षं नांदली. १९०८ साली टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला ज्यूरीपुढेच चालला आणि हायकोर्टात रात्री उशिरा निकाल आला, सात विरुद्ध दोन. सात युरोपियन टिळकांना दोषी म्हणत होते, दोघं हिंदी निर्दोष. त्या दोघांच्या मतानं टिळकांची मंडाले टळली नाही. तरी हायकोर्टाच्या त्या रात्रीत साहेबाच्या रागाला न भिता दोन माणसं वेगळं बोलली, याची नोंद राहिली.

नानावटीच्या ज्यूरीचा निकाल आला २१ ऑक्टोबरला. आठ विरुद्ध एक. निर्दोष. बाहेर जी आरोळी उठली ती ऐकून कोणालाही वाटलं असतं की एखादी टीम जिंकली. खुनी कोण, हे ज्यात पहिल्या दिवसापासून सगळ्यांना ठाऊक होतं त्या खटल्यात, गोळ्या झाडणारा निर्दोष ठरला. आठांनी हे कसं ठरवलं याचं मला नवल वाटत नाही. ते नऊजण काही चंद्रावरून आलेले नव्हते. ज्या गावात ‘ब्लिट्झ’ काळ्याबाजारात विकला जात होता त्याच गावात त्यांचीही घरं होती, त्यांच्याही घरी जेवताना कोणीतरी विचारत असणार, ‘मग? सुटणार ना?’

मी अडकतो तो नवव्यापाशी. तो कोण होता, काय करत होता, मला ठाऊक नाही. पण त्या बंद खोलीतलं दृश्य मी मनाशी पुष्कळदा रचून पाहिलं आहे. टेबलाभोवती नऊ खुर्च्या, संपलेला चहा, बशांत राख पडलेली, आठांचे हात वर गेलेले आणि एकाचा मांडीवर. मग प्रेमळ दटावणी सुरू झाली असणार. ‘अहो, देशाची सेवा करणारा माणूस.’ ‘तुमच्या घरी असं झालं असतं तर?’ ‘आता एकट्यासाठी कशाला ताणता, उशीर होतोय.’ हे शेवटचं वाक्य सर्वांत जड. तत्त्वाला विरोध करणं सोपं असतं, पण आठ माणसांची विरारची गाडी चुकवणं भल्याभल्यांना जमत नाही. नवव्यानं ते जमवलं. आणि बरं, त्याच्या म्हणण्यानं काही बदलणारही नव्हतं, हे त्याला दिसत होतं. एकमत लागणार नव्हतं, आठ पुरेसे होते. हात वर केला असता तर तो गर्दीतून मिरवत घरी गेला असता. तो खाली ठेवून त्यानं काय मिळवलं? घरी गेल्यावर बायकोनं ‘काय झालं?’ विचारलं असेल तेव्हा त्यानं बहुधा ‘सुटला’ एवढंच सांगितलं असेल आणि पाय धुवायला गेला असेल.

पण त्या मांडीवरच्या हाताला जोड मिळाली. सेशन्स जज्ज आर. बी. मेहता यांनी ज्यूरीचा निर्णय मानायला नकार दिला आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०७ खाली प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. हे कलम बाहेर जल्लोष करणाऱ्या कोणालाच माहीत नव्हतं. पेढे वाटून झाल्यावर निकाल लागायचाच आहे असं त्यांना कळलं. भारतीय खटल्यांच्या बघ्याला जो पहिला धडा शिकावा लागतो तो हाच. आपण ज्याला निकाल म्हणतो तो पुष्कळदा नुसता मधला थांबा असतो.

पुढचे थांबे असे. ११ मार्च १९६० ला हायकोर्टात न्यायमूर्ती शेलत आणि नाईक यांनी नानावटीला दोषी धरून जन्मठेप दिली. सरकारी वकील होते पुढे सरन्यायाधीश झालेले यशवंतराव चंद्रचूड. त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी शिक्षा स्थगित केली, नानावटी नौदलाच्याच ताब्यात राहिला, आणि राज्यपालांना असं करता येतं का यावर सुप्रीम कोर्टात वेगळीच लढाई झाली. बघ्यांची इथे पंचाईत झाली. टॉवेलवर मत देणारा घटनेच्या कलमावर काय बोलणार? गॅलरीतली गर्दी ओसरायला लागली. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं, खटला सुरू झाला तेव्हाचं मुंबई राज्यच उरलं नाही. १९६१ च्या जुलैत पानशेत फुटलं. त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला सुप्रीम कोर्टानं जन्मठेप कायम केली, आणि तीही काय साध्या हिशेबानं! नानावटी दीडच्या सुमाराला घरून निघाला, गोळ्या सुटल्या चारनंतर. मधल्या वेळात बायकोमुलांना सिनेमाला सोडून, बोटीवर जाऊन, हत्यार मागून घेणाऱ्या माणसाला ‘एकाएकी भान सुटलं’ असं म्हणता येणार नाही. गॅलरीत इतके महिने वाद झाला, पण घड्याळाकडे बघायचं कोणाला सुचलं नव्हतं. त्यानंतर महिना भरायच्या आत ‘म्हैसूर’चं नाव पुन्हा पेपरात आलं, पण या वेळी गोवामुक्तीत अंजदीव बेटावरच्या कारवाईसाठी. लोकांनी ते अभिमानानं वाचलं. तिच्यावरच्या जुन्या अधिकाऱ्याचं काय झालं हे विचारणारे एव्हाना थोडे उरले होते.

१९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. नानावटी सिल्व्हियाला आणि मुलांना घेऊन कॅनडाला गेला आणि तिथेच २००३ मध्ये वारला. त्यानं इथे मागे बरंच काही सोडलं. सिनेमे निघाले. मधुसूदन कालेलकरांनी ‘अपराध मीच केला’ लिहिलं आणि टॉवेलवरचा वाद तिकीट लावून मराठी नाट्यगृहांत सुरू झाला. ज्यूरीही या खटल्यानंच घालवली असं लोक ठोकून देतात. खरं तर १९५८ मध्येच विधी आयोगानं ती बंद करा असं सांगितलं होतं. हा खटला म्हणजे तिच्या आजारातली शेवटची कळ. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच ठेवली नाही. गंमत अशी, की पारशांच्या घटस्फोटाच्या दाव्यांत न्यायाधीशाबरोबर समाजातले प्रतिनिधी बसण्याची पद्धत आजही आहे. माणसाच्या जिवाचा निकाल बघ्यांच्या हातून काढून घेतला, संसाराचा मात्र थोडा ठेवला.

कोर्टाच्या आतून हाकललेली ज्यूरी बाहेर मात्र कधीच बरखास्त झाली नाही. उलट तिची सदस्यसंख्या वाढली. आता हेडक्लार्कची वाट पाहावी लागत नाही, खाजगी मजकूर कोणी गाळत नाही, उलट तोच आधी येतो. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाण्याच्या टँकरच्या वर्गणीला चार दिवस उत्तर येत नाही, पण कुठे खून झाला की आरोपपत्र दाखल होण्याआधी बावीस जण फाशी देऊन मोकळे होतात आणि तेविसावा ‘शुभ सकाळ’ टाकतो. टीव्हीवर आठ चौकटींत आठ माणसं एका वेळी ओरडतात. तिथे मी सवयीनं नवव्या चौकटीचा शोध घेतो. ती नसते. पडद्यावर मावत नाही म्हणे.

म्हणून बघ्यांना कोर्टात बंदी घालावी का? कायदा तसं म्हणत नाही. फौजदारी खटला चालेल ती जागा खुली समजावी, तिथे जनतेला येता यावं, जागेत सोयीनं मावेल तितक्यांना, असं संहितेत लिहिलेलं आहे. अपवाद आहेत, पण नियम हा. मला हे ‘मावेल तितक्यांना’ फार आवडतं. म्हणजे मागच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेला, कोणाचाच कोणी नसलेला, पेन्शनर माणूस हा रिकामटेकडा नाही. तो कायद्यानं नेमलेला आहे. त्यानं काही करायचं नाही, फक्त असायचं. तो बसलेला आहे म्हणून वकील जरा जपून बोलतो, जज्ज जरा वेळेवर येतात, साक्षीदार खोटं बोलण्यापूर्वी एकदा मागे बघतो. गंमत म्हणजे त्याच्याकडून कायद्याची एवढीच अपेक्षा असताना त्यानं आपण होऊन निकाल देण्याचं जादा काम अंगावर घेतलं, आणि मूळचं, गप्प बसून बघण्याचं, टाकलं.

बघण्याचं काम टाकलं की काय सुटतं ते नानावटीच्या खटल्यात दिसतं. दोन रुपयांचा अंक घेणाऱ्यांना, लाटणं घेऊन झटापट करणाऱ्यांना, टॉवेल विकणाऱ्यांना आणि घेणाऱ्यांना, एक माणूस मेला आहे हे पहिल्या आठवड्यानंतर आठवत नव्हतं. आहुजा हा त्यांच्या लेखी एक टॉवेल होता. ‘जीवनज्योत’मधल्या त्या घरात तीन गोळ्यांचा आवाज ज्यांनी ऐकला त्यांत त्याची बहीण मेमी आहुजा होती. ती साक्षीला उभी राहिली. बाहेरच्या गर्दीतून वाट काढत ती कोर्टात गेली असेल तेव्हा फेरीवाला काय विकत होता हे तिनं पाहिलं असेलच. गावानं महिन्याभरात निकाल लावला आणि पुढच्या विषयाकडे वळलं. तिला १९६४ पर्यंत थांबावं लागलं, आणि गमतीची नव्हे अशी गोष्ट म्हणजे शेवटचा शब्द तिच्याकडे मागायला लोक आले. नानावटीबरोबर भाई प्रताप या सिंधी व्यापाऱ्यालाही माफी द्यायचं घाटत होतं. दोन समाजांचं समाधान एका फटक्यात. त्यासाठी आहुजाच्या घरच्यांची हरकत नको होती. जेठमलानींनी मेमीची गाठ घालून दिली, आणि तिनं माफीला हरकत नाही असं लिहून दिलं. सेशन्स कोर्ट, हायकोर्ट, राज्यपाल, सुप्रीम कोर्ट, पुन्हा राज्यपाल, या सगळ्या थांब्यांवर ज्याला निकाल म्हणता येईल असं काही मला दिसत असेल तर तो हा कागद आहे. त्या कागदासाठी बाहेर कोणी ताटकळत उभं नव्हतं. त्यात आरोळी ठोकण्यासारखं काही नव्हतं.

अलीकडे कोणी ‘काय वाटतं, सुटेल?’ विचारलं की मी नानावटीच्या ज्यूरीची गोष्ट सांगतो आणि उलट प्रश्न विचारतो, की तुम्ही त्या खोलीत असता तर कोणत्या बाजूला असता. आजवर एकही जण मला आठांत सापडलेला नाही. साडू कोर्टात असणारा, चेहरे वाचणारा, भुवई वर करणारा, सगळे छातीवर हात ठेवून सांगतात की तो नववा म्हणजे मीच. मीही तेच सांगतो. एवढे नववे गावात असताना मत मोजलं की दर वेळी आठ विरुद्ध एकच कसं निघतं, याचा तेवढा तपास व्हायला हवा.